घर घेताना वकील कोणाचा?
वाचकांचे प्रश्न : जमीन, घर आणि कागदपत्रे

प्रश्न : बेळगावच्या शहापुरात जुने घर पाहिले आहे. तीन खण आणि मागे परडे. एजंट म्हणतो, ‘आमचे वकीलसाहेब तुमचेही बघतील आणि मालकाचेही. वेगळा वकील कशाला?’ सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर बाँड रायटरकडून खरेदीपत्र लिहून घेतले तर चालत नाही का? सोमवारी संचकार (इसाराची रक्कम) द्यायचा आहे. (वाचक, वडगाव)

सोमवारचा संचकार आधी पुढे ढकला. मालकाला घर विकायचेच असेल तर दोन-तीन आठवडे तो थांबतो. थांबायला तयारच नसेल तर कागद आणखी बारकाईने बघावे लागतील.

बाँड रायटर दस्त लिहितो, तुमचा हक्क तपासत नाही. विकणाऱ्याने सांगितलेली नावे आणि चतुःसीमा तो नमुन्यात बसवून देतो. दस्त सुबक होतो, नोंदही होते. पण विकणारा खरोखर संपूर्ण मालक आहे का, हे सब-रजिस्ट्रारही पाहत नाही. ते पाहण्यासाठीच वकील लागतो. तो विकणाऱ्याचाही वकील असेल तर दोष सापडल्यावर तो कोणाला सांगणार? एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच कामात दुसऱ्या बाजूने उभे राहू नये, असे बार कौन्सिलचे नियमही सांगतात. एजंटची दलाली व्यवहार झाल्यावरच मिळते, त्यामुळे त्याने आणलेला वकील व्यवहार मोडण्याचा सल्ला सहसा देत नाही.

वकील निवडताना ओळखीपेक्षा हे विचारा. सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, किती वर्षांचा करणार? तीस वर्षांपेक्षा कमी म्हणाला तर उठा. ईसी (मिळकतीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा व बोजाचा दाखला) ऑनलाइन काढणार की रजिस्टरही बघणार? कावेरी या कर्नाटकच्या नोंदणी संकेतस्थळावर १ एप्रिल २००४ नंतरच्याच नोंदी दिसतात. त्याआधीच्या नोंदींसाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसातली जुनी इंडेक्स रजिस्टरे उलगडावी लागतात, आणि नेमके हेच काम टाळले जाते. अभिप्राय लेखी, सही-शिक्क्यानिशी मिळणार का? आधी केलेला एखादा सर्च रिपोर्ट नावे झाकून दाखवायला सांगा. त्यात दस्तांची साखळी वर्षवार लावलेली असेल आणि ‘अमुक कागद मिळाला नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तर माणूस कामाचा. ‘टायटल क्लिअर’ एवढ्या दोन ओळी असतील तर नव्हे. कर्नाटक बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक ‘केएआर’ने सुरू होतो, तो लिहून घ्या. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे फलक-पत्रके लावून गिऱ्हाईक शोधणाऱ्याकडे जाऊ नका.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात. त्यामुळे जुन्या घरांचे दस्त मराठीत, काही मोडीत आणि आजचे उतारे कन्नडमध्ये. कन्नड येणारा वकील बेळगावात सहज मिळतो. जुना मराठी दस्त नीट वाचणारा आणि मोडीसाठी कोणाकडे जायचे हे माहीत असणारा मात्र शोधावा लागतो. तुमच्या घराला असाच वकील हवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली, ती म्हणजे ते परडे. जुन्या दस्तात ‘तीन खण घर’ लिहिलेले असते, पण परडे त्यात आहे की वाटणीत चुलत्याकडे गेले, हे चतुःसीमा वाचल्याशिवाय कळत नाही. दस्तात पश्चिमेस ‘बोळ’ लिहिले असेल आणि प्रत्यक्षात पश्चिमेस परडे असेल, तर परडे विकलेल्या मिळकतीत नाही. सिटी सर्व्हे ऑफिसातून सी.टी.एस. नंबरचा प्रॉपर्टी कार्ड उतारा आणि नकाशा काढा. कार्डावरचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, दस्तात बहुधा चौरस फूट. १ चौ.मी. म्हणजे १०.७६ चौ.फूट. दस्त १००० चौ.फुटांचा असेल तर कार्डावर साधारण ९२.९ चौ.मी. दिसायला हवेत. कार्डावर ७० दिसले तर उरलेली जागा कोणाच्या नावावर आहे, ते संचकाराआधी शोधा. वकिलाला एकदा जागेवर घेऊन जा आणि फीत धरून मोजा.

ईसीत न दिसणाऱ्या गोष्टीही बऱ्याच असतात : तोंडी वाटणी, नोंद न केलेले मृत्युपत्र, कोर्टात चालू असलेला वाटणीचा दावा. दावा चालू असताना घेतलेले घर त्या निकालाला बांधलेले राहते. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका नाही. म्हणून वकिलाने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचे, त्याच्या वडिलांचे आणि भावंडांचे नाव शोधावे. मराठी नावांचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होते, ते सगळे प्रकार तपासायला सांगा.

प्रश्न : प्लॉटसाठी बँकेच्या वकिलाने ‘ओके’ दिले आहे. तरी दुसरा वकील लावायचा का? (वाचक, निपाणी)

लावा. बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, एवढेच पाहतो. फी तुमच्याकडून घेतली तरी तो बँकेला उत्तर देतो, आणि अभिप्रायाची प्रत तुम्हाला मिळेलच असे नाही. मिळाली तर तुमच्या वकिलाला वाचायला द्या, काम निम्मे होते.

प्लॉटच्या बाबतीत मुख्य कागद वेगळे आहेत. शेतजमिनीचा एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि ई-खाते (मिळकतीचा संगणकीय उतारा). गाव पंचायतीच्या हद्दीत असेल तर फॉर्म ९ आणि ११-ए हे पंचायतीचे मिळकत उतारे हवेत. ११-बी दाखवला तर थांबा, तो रीतसर एन.ए. व मंजुरी नसलेल्या मिळकतींना मिळतो. एका सर्व्हे नंबरातला तुकडा शेतजमीन म्हणूनच घेत असाल तर ११-ई, म्हणजे त्या तुकड्याच्या मोजणीचा, नकाशा लागतो, त्याशिवाय नोंद होत नाही. एन.ए. न करता गुंठ्या-गुंठ्यांनी तोडलेले आणि स्टॅम्प पेपरवर विकलेले प्लॉट सीमाभागात सगळीकडे दिसतात. तो बाँड म्हणजे खरेदी नव्हे. अशा जागेचे पैसे परत मिळवण्यासाठी नंतर वकील शोधावा लागतो, तो महाग पडतो.

शेतजमिनीच्या उताऱ्याचा ९ नंबरचा रकाना मालकाचा, ११ नंबरचा बोजा आणि इतर हक्कांचा. सोसायटीचे पीककर्ज बहुतेक इथेच सापडते. जमीन सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर अशा जमिनींच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या १९७८ च्या पीटीसीएल कायद्याखाली सरकारची आधी परवानगी नसेल तर व्यवहार रद्द होतो, मग मधे कितीही हात बदललेले असोत.

प्रश्न : वडिलांचे खानापुरातले घर विकायचे आहे. एक बहीण मुंबईत आहे. कोल्हापूरचे नातेवाईक वकील आहेत, त्यांच्याकडून सगळे करून घेतले तर? (वाचक, खानापूर)

वकिलीच्या सनदेला राज्याची सीमा नाही, ते कायद्याने काम करू शकतात. पण कावेरीवरचा मसुदा, पंचायतीतले ई-खाते, नाडकचेरीतली (स्थानिक महसूल कार्यालयातली) वंशावळ, कन्नड नोटिसा हे सगळे इथे करायचे आहे. नातेवाइकांना मसुदा वाचायला द्या, पळापळीचे काम स्थानिक वकिलाकडे द्या.

बहिणीची सही टाळू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. घर वडिलांनी स्वतः कमावलेले असले आणि मृत्युपत्र नसले तरी बहीण वारस आहेच. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी असेल तर गोष्ट वेगळी. ‘लग्नात दिले तेच तिचे’ हे घरात चालते, कोर्टात नाही. ती हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, नाहीतर तिला खरेदीपत्रात लिहून देणार म्हणून घ्या.

तिला येता येत नसेल तर मुखत्यारपत्र लागेल, आणि चूक होते ती इथेच. भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे, दस्त नोंदवण्यासाठीचे मुखत्यारपत्र ती राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर करावे लागते. नोटरीचे चालत नाही. महाराष्ट्राचा स्टॅम्प कमी पडला तर इथला फरक भरावा लागेल, हे आधीच विचारून ठेवा. आधार, उतारा आणि वारसा नोंद यांतले बहिणीचे माहेरचे-सासरचे नाव जुळत नसेल तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आताच करा.

प्रश्न : वकिलाची फी टक्क्यांवर असते का? एकूण खर्च किती धरावा? (वाचक, अनगोळ)

सर्च, मसुदा आणि नोंदणीला हजेरी, असे तीन भाग पाडून प्रत्येकाची ठरावीक रक्कम आधी लेखी घ्या. किमतीच्या टक्केवारीला ‘नाही’ म्हणा. ४० लाखांच्या घराचा सर्च ८० लाखांच्या घरापेक्षा सोपा असतो असे नाही.

सरकारी खर्च वेगळा. महापालिका हद्दीत ४० लाखांचे घर घेतले तर स्टॅम्प ५ टक्के म्हणजे २ लाख, त्यावर १० टक्के सेस २० हजार, २ टक्के सरचार्ज ४ हजार आणि नोंदणी शुल्क ८० हजार. एकूण ३ लाख ४ हजार. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाले, त्यामुळे जुन्या हिशेबावर जाऊ नका. गाइडन्स व्हॅल्यू (सरकारने ठरवलेली किमान किंमत) आणि ठरलेली किंमत यांत जी जास्त, तिच्यावर हे धरतात. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, विकणाऱ्याने नव्हे.

संचकारपत्रात ‘ताबा दिला’ असे वाक्य घालू देऊ नका. त्यावर खरेदीइतका स्टॅम्प लागतो. आणि दस्त कन्नडमध्ये असेल व तुम्हाला वाचता येत नसेल, तर ‘मजकूर मराठीतून वाचून समजावून सांगितला’ असे कलम वकिलाकडून त्यात घालून घ्या. स्टॅम्प-नोंदणीचे पैसे वकिलाच्या हाती रोख देऊ नका. कावेरीवरचे चलन स्वतः भरा आणि पावती स्वतःजवळ ठेवा.