मित्राच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करावी का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा: शाळेपासूनचा मित्र आपल्या कृषी सेवा केंद्रासाठी पतसंस्थेकडून पाच लाखांचे कर्ज घेत आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्यामुळे जामीनदार राहण्यासाठी त्याने तुम्हाला गळ घातली आहे. ‘तू फक्त सहीपुरता आहेस’ असे तो म्हणतो, आणि माणूस सच्चा असल्याची तुम्हाला पूर्ण खात्री आहे. मी पतसंस्थेच्या कर्ज आणि वसुली विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे, आणि हाच प्रश्न सही करून बसलेल्या अनेकांच्या तोंडून फार उशिरा ऐकला आहे. तुम्ही तो सहीच्या आधी विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

मित्राच्या सचोटीबद्दल तुमची खात्री खरी असेलही. पण पतसंस्थेने तुम्हाला तो प्रश्न विचारलेलाच नाही. मित्र चांगला की वाईट याचा दाखला जामीनरोख्यात कुठेही नसतो. कर्जदाराने न भरलेली रक्कम मी भरीन, एवढेच त्यात लिहिलेले असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, त्याची मालमत्ता विका, आणि काही उरले तरच माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे: धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, जामीनदाराविरुद्ध थांबायला लावले तर जामिनाचा हेतूच उरत नाही.

पगारदार जामीनदारच का हवा असतो, हेही समजून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली सभासदाने करार लिहून दिला असेल, तर संस्थेच्या मागणीवरून त्याच्या पगारातून परस्पर कपात होऊ शकते. दुकानदाराच्या गल्ल्यातून दर महिन्याला पैसे काढणे अवघड. शिक्षकाच्या पगारातून ते सोपे. त्यामुळे थकबाकी झाली की वसुली विभागाची नजर आधी पगारपत्रकाकडे वळते. दोन जामीनदार असले तरी संस्थेने प्रत्येकाकडून निम्मीच रक्कम घ्यावी असे बंधन नसते. आपापसांतली समान वाटणी हा त्या दोघांचा स्वतंत्र हिशेब असतो.

माझ्या टेबलासमोर बसलेले एक माध्यमिक शिक्षक मला अजून आठवतात. त्यांनी पगारपत्रक उलगडून कपातीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि अगदी सौम्य आवाजात विचारले, ‘साहेब, तुम्ही आधी त्याच्या दारात जाऊन आलात का?’ आम्ही गेलो होतो. दुकानाला कुलूप होते आणि उधारीच्या वह्या घरी पडून होत्या. मी जामीनरोखा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी स्वतःची सही पाहिली, मग त्याच्या वरचा मजकूर वाचला, आणि तो आपण पहिल्यांदाच वाचत असल्याचे सांगितले. त्यांचा मित्र लबाड नव्हता. त्या भागात सलग दोन हंगाम वाया गेले होते, शेतकऱ्यांनी उचललेल्या बियाणे-खतांची उधारी वसूल झाली नव्हती, आणि कंपनीच्या वितरकाने मात्र आपले पैसे सोडले नव्हते.

तुमच्या मित्राचा धंदा नेमका हाच आहे, म्हणून मी यावर जोर देतो आहे. कृषी सेवा केंद्राचा माल जून-जुलैत उधारीवर उठतो आणि त्याचे पैसे सोयाबीन किंवा कापूस विकला गेल्यावर येतात. मधल्या काळात पाऊस ओढ देतो, भाव पडतो, कुणाच्या घरी आजारपण येते. माणसाच्या सचोटीची हमी तुम्ही मनापासून देऊ शकता. पावसाची आणि बाजारभावाची देऊ शकत नाही, आणि सही मात्र या सगळ्यांसाठी लागू पडते. मी पाहिलेले बहुतेक थकबाकीदार चांगलीच माणसे होती. त्यांना तोंड दाखवण्याची लाज वाटायची, म्हणून ती जामीनदाराचा फोनही घेईनाशी व्हायची. त्यातून रकमेपेक्षा मैत्रीचेच नुकसान अधिक झालेले मी पाहिले आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे: ही रक्कम पूर्ण बुडाली तर ती मी घर न मोडता फेडू शकेन का, आणि फेडल्यावरही या माणसाशी बोलू शकेन का, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच सही करावी. तो प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न याच्या नंतरचा आहे. पत्नीला किंवा पतीला सांगितल्याशिवाय तर मुळीच करू नये, कारण जामीनदाराच्या मृत्यूनंतरही आधीच्या कर्जाची जबाबदारी संपत नाही. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरती ती पुढे राहते.

आता तुम्हाला त्याच्यासाठी खरोखर काही करायचे असेल तर तुमच्या शब्दाला वेगळी किंमत आहे. लहान गावातल्या पतसंस्थेत संचालक किंवा शाखाधिकारी ‘माणूस कसा आहे?’ असे विचारतातच. तेव्हा ‘देवमाणूस आहे’ असे सांगण्याचा काही उपयोग नसतो. आम्ही ते कानाआड करत असू. ‘भिशीचा हप्ता त्याने कधी चुकवला नाही, उधारीची वही रोज लिहितो, बहिणीच्या लग्नाचे उसने पैसे ठरल्या तारखेला परत दिले’ असे प्रत्यक्ष पाहिलेले सांगितले तर ते मोजले जाते. जे पाहिले नाही ते सांगू नका, आणि तो आधीच दुसरीकडे थकला असल्याचे ठाऊक असेल तर तेही झाकू नका. असे बोलण्याने तुमचा पगार अडकत नाही आणि मित्राला न्यायही मिळतो.

नकार द्यायचा असेल तर पर्याय घेऊन बोला. घरात सोने किंवा मुदत ठेव असेल तर सोनेतारण आणि ठेवतारण कर्जाला साधारणपणे जामीनदार लागत नाही. दुसरे म्हणजे, तुम्हाला झेपेल तेवढी रक्कम स्वतः उसनी द्या. निदान तुमचा तोटा किती, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत असेल. ‘घरच्यांनी नको म्हटले’ अशी सबब सांगू नका. ‘मला पाच लाख झेपणार नाहीत’ हे खरे कारण आहे आणि तेच सांगावे.

एवढे वाचूनही सही करायचे ठरवलेत तर कोऱ्या जागा असलेल्या कागदावर करू नका, आणि वचनचिठ्ठीसह प्रत्येक कागदाची प्रत घ्या. मित्राच्या इतर कर्जांचे खातेउतारे मागा. तो स्वतः कुणाला जामीन आहे का, हे जरूर विचारा, कारण ‘तू मला, मी तुला’ अशा परस्पर जामिनात एक जण कोसळला की दुसराही जातो. अटी तुमच्या संमतीशिवाय बदलल्या तर करार कायद्याच्या कलम १३३ नुसार त्यानंतरच्या व्यवहारांच्या जबाबदारीतून जामीनदार सुटतो. पण अनेक छापील नमुन्यांत अशा बदलांना आगाऊ संमती लिहून घेतलेली असते, ती ओळ शोधा. खेळत्या भांडवलाची मर्यादा दरवर्षी नवे-जुने होणार असेल तर तो चालू जामीन, म्हणजे पुढच्या व्यवहारांनाही लागू राहणारा जामीन, ठरतो. पुढच्या व्यवहारांपुरता तो त्याच कायद्याच्या कलम १३० नुसार नोटीस देऊन मागे घेता येतो. तोवर उचललेल्या रकमेतून मात्र सुटका नाही.

पुढे हप्ता थकलाच आणि सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाची सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ ची, म्हणजे वसुलीची, नोटीस आली, तर ती घरी ठेवून देऊ नका. सुनावणीला हजर राहून म्हणणे लेखी द्या. वसुली दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्जासाठी, म्हणजे फेरतपासणीच्या अर्जासाठी, येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तुम्हाला पैसे भरावे लागले तर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा उल्लेख असलेली पावती स्वतःच्या नावाने घ्या. ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क करार कायद्याचे कलम १४५ देते, आणि त्यासाठी दाव्याची मुदत भरल्या तारखेपासून तीन वर्षे असते. सगळे सुरळीत फिटले तरीही संस्थेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे बाकी नसल्याचा दाखला, आणि रद्द केलेला जामीनरोखा मागून घ्या.