रात्री ठरवून सकाळी नागपूरहून लांब गाडी काढणं वेडेपणा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर मित्रांचं अचानक ठरतं, हॅचबॅक दारात उभी आहे, चालवणारे दोघं आहेत. मग काहीही न ठरवता चार-पाचशे किलोमीटर निघून जावं का?

ठिकाण न ठरवता खुशाल निघा. फक्त गाडी किती वाजता थांबवायची, हे निघण्याआधी ठरवा आणि ते मोडू नका.

आपल्या नागपूरचं बरं आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेकडून पारादीपला जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही इथेच एकमेकांना छेदतात. त्यामुळे दिशा धरली तरी पुरतं, गाव वाटेत सापडतं.

मी आडमुठेपणा करतो तो एकाच बाबतीत. रात्री अकराला कुणीतरी म्हणतंच, "चाल ना बे, आत्ताच निघू." नाही निघायचं. जो गाडी चालवणार तो सकाळपासून जागा आहे, दिवसभर ऑफिस करून आलाय. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं. चहा-कॉफीने डुलकी जरा लांबते, टळत नाही. आणि मागे बसलेले दोघं तर बुटीबोरी यायच्या आतच घोरायला लागतात, म्हणजे चालवणाऱ्याशी बोलायलाही कुणी नाही. त्यापेक्षा बेत रात्री करा, झोपा, पहाटे पाचला गाडी काढा. रस्ते मोकळे असतात आणि पुढे अख्खा दिवस हाताशी राहतो.

आता दिशा. उत्तरेला गेलात तर मानसर, देवलापार, मग पेंचचं जंगल. इथे महामार्ग उंच उचलून खाली प्राण्यांसाठी वाटा सोडल्या आहेत. त्यातली सगळ्यात रुंद सुमारे ७५० मीटरची आहे. त्या वाटांनी वाघ ये-जा करतात हे कॅमेऱ्यांत टिपलं गेलंय. तुम्हाला वरून काही दिसणार नाही, त्यासाठी कठड्याला गाडी लावून उभे राहू नका. पुढे खवासा, सिवनी आणि लखनादौन. लखनादौनला रस्ता फुटतो, एक जबलपूरकडे, दुसरा नरसिंहपूर-सागरकडे. भर पावसाळ्यात जबलपूर धरत असाल तर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधली नाव तेव्हा बंद असते, आणि नर्मदेला पूर आला की धुआंधारचा धबधबा पाण्याखालीच जातो.

माझी आवडती वाट मात्र सावनेर-सौंसरवरून छिंदवाड्याची. सिल्लेवानीचा घाट चढला की आपण सातपुड्यात आहोत हे कान आणि नाक दोन्ही सांगतात. छिंदवाड्यापुढे तामिया, आणि जोर असेल तर पचमढी. एकूण अंतर अडीचशेच्या आसपास, पण वळणांमुळे सपाट रस्त्याचा हिशोब इथे लावू नका.

दक्षिणेला हिंगणघाट, पांढरकवडा, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिथून पुढे पाट्या तेलुगू आणि नाश्त्याला इडली. हैदराबाद पाचशेच्या घरात आहे. दोन दिवसांत जाऊन येणं जमतं, पण शहरात शिरायला जितका वेळ जातो तेवढ्यात आदिलाबादकडचा कुंतालाचा धबधबा निवांत बघून होतो. पूर्वेला भंडारा, साकोली, देवरी, मग रायपूर. ट्रक खूप. काम असेल तरच जा, असं माझं मत.

राहिला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ला मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला. मेहकरला उतरलं की लोणार जवळच. वेगमर्यादा १२०ची आहे, पण या रस्त्याचा धोका कंटाळ्यात आहे. वळण नाही, गाव नाही, गाय नाही; डोळे उघडे राहतात आणि माणूस आतून झोपतो. दर दीड तासाने उतरून दोन पावलं चाला, चालकही बदला. बाईकवाल्या मित्राला बोलवू नका, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही.

टायरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. हवा पहाटे टायर थंड असताना तपासा, स्टेपनीचीही. दुपारी तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी इतका जुना टायर घेऊन मी समृद्धीवर चढणार नाही.

कागद डिजिलॉकरमध्ये चालतात. पीयूसी संपलेली नको. फास्टॅगमध्ये पैसे रात्रीच भरा. वार्षिक पास असेल तरी तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. समृद्धी राज्याचा आहे, तिथे नेहमीसारखा टोल कापला जाईल. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३, कुठेही अडचण आली तर ११२.

थांबायची वेळ मी संध्याकाळी सहाची ठेवतो. अंधार पडल्यावर राज्य रस्त्यांवर दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सहाला जे गाव येईल तिथे लॉज बघायचा. याला फक्त पचमढीचा अपवाद करा. जोडून सुट्टी आली असेल तर शनिवारी सकाळी छिंदवाड्यात नाश्ता करतानाच फोन करून खोली धरा. नाही मिळाली तर तामियात विचारा.