नारिंगी लेझर, थरथरणारा गुरू आणि शाळेची आठ इंची दुर्बीण

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चिलीतल्या परानाल वेधशाळेच्या फोटोत दुर्बिणीतून आकाशात जाणारं नारिंगी लेझर हवा साफ करतं का? तशी सोय शाळेच्या आठ इंची दुर्बिणीला होईल का? आणि यवतमाळकडं इतकं काळंभोर आकाश असताना इथं मोठी दुर्बीण का नाही? मीही वर्ध्याजवळच्या खेड्यातूनच आकाश बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेझर हवेला काहीच करत नाही. ताऱ्याचा उजेड वातावरणापर्यंत अगदी सरळ येतो. खाली थंड-गरम हवा एकमेकींत मिसळत असते, आणि तिचा प्रत्येक पट्टा उजेडाला किंचित वेगळं वळवतो. चांगल्या जागीही डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात फार तर १०-१५ सेंटीमीटर रुंदीच्या तुकड्यात उजेड एकसारखा राहतो. परानालच्या ८.२ मीटरच्या आरशावर असे हजारो तुकडे पडतात, प्रत्येकाची प्रतिमा जरा बाजूला सरकते आणि सगळ्यांचा मिळून फिसकटलेला ठिपका होतो. म्हणजे एवढा आरसा उजेड भरपूर गोळा करणार, पण बारकावे तुमच्या आठ इंचीपेक्षा फारसे जास्त दाखवणार नाही. ही अडचण फार मोठी होती.

होरेस बॅबकॉक या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये उपाय सुचवला: बिघाड मोजा आणि तेवढाच उलटा बाक आरशाला द्या. पण तेव्हा तेवढं वेगवान गणित करणारी यंत्रं नव्हती. खगोलशास्त्रासाठी ते प्रत्यक्षात उतरलं १९८९ मध्ये, फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत. आज परानालच्या चार मोठ्या दुर्बिणींपैकी एकीचा दुय्यम आरसा सुमारे १.१ मीटर रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड आहे. त्याच्यामागे त्याला वाकवणारे ११७० चुंबकी रेटे आहेत. बिघाड मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोर बारीक भिंगांची जाळी असते, प्रत्येक भिंग ताऱ्याचा एक ठिपका पाडतं. ठिपका जितका सरकला तितकी तिथली उजेडाची लाट वाकडी, असा हिशोब करून आरसा सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त होतो. काही मिलिसेकंदांत हवा बदललेली असते, त्यामुळे यापेक्षा सावकाश चालून भागत नाही.

हे मोजायला जवळच एखादा तेजस्वी तारा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी नसतो. लेझर आहे ते याच्यासाठी. जमिनीपासून सुमारे ९० किलोमीटरवर सोडियमच्या अणूंचा थर आहे, जळून गेलेल्या उल्कांनी मागं ठेवलेला. ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर त्यांना चमकवतं आणि पाहिजे तिथे कृत्रिम तारा तयार होतो. एलईडी यायच्या आधी चौकात जे नारिंगी-पिवळे सोडियमचे दिवे होते, त्यांचा हाच रंग. तरी खरा तारा लागतोच. लेझर वर जाताना जितकं वाकतं, परत येताना तितकंच उलटं वाकतं, त्यामुळे पूर्ण प्रतिमा किती सरकली हे त्यावरून कळत नाही. तेवढ्यापुरता एखादा मंद तारा चालतो. मला या सगळ्या रचनेतला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

बहुतेक काम अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या लांब लाटांच्या प्रकाशात चालतं, कारण २.२ मायक्रॉन तरंगलांबीला एकसारखा तुकडा साधारण सहापट रुंद होतो आणि दुरुस्त करायचे तुकडे पस्तीसेक पटीनं घटतात. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एस-२ तारा दर १६ वर्षांनी तिथल्या कृष्णविवराला फेरी घालतो. त्याची वाट इतकी अचूक मोजता आली त्यात या तंत्राचा मोठा वाटा आहे. राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ या खगोलशास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं.

आता शाळेची दुर्बीण. आठ इंच म्हणजे २० सेंटीमीटर, चांगल्या रात्री जेमतेम एक-दोन तुकडे रुंद. त्यामुळे गुरूची प्रतिमा मुख्यतः उड्या मारते, आणि मधूनच क्षणभर लख्ख दिसते. ते क्षण वेचायला लेझर लागत नाही. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, सॉफ्टवेअरला सगळ्यात स्पष्ट चौकटी निवडून एकावर एक रचायला सांगा. चंद्र, गुरू, शनीला हे पुरतं. मध्यम दुर्बिणींसाठी मात्र खरी यंत्रणा झालेली आहे. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि अमेरिकेतलं कॅलटेक विद्यापीठ यांनी मिळून केलेली रोबो-एओ (एओ म्हणजे अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, याच तंत्राचं नाव) तिथल्या पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटरच्या दुर्बिणीवर चालली, तीही माणसाच्या मदतीशिवाय. शाळेत मुलांना हे नक्की सांगा.

अंधार आणि हवेची स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन-चारशे मीटर उंचीवर, जवळजवळ सगळं वातावरण डोक्यावर घेऊन बसलोय, शिवाय पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात. चिखलदरासुद्धा साधारण ११०० मीटरच, परानाल २६३५ आणि लडाखचं हानले ४५००. पण तेजोमेघ आणि तारकागुच्छांसाठी तुमचा अंधार लाखमोलाचा आहे, थरथरीनं त्यांचं फारसं बिघडत नाही.

स्लॅबवरून मात्र बघू नका, तो मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. टिनाची छपरं आणि कूलरची खिडकीही टाळा. पराटी (कापसाची झाडं) निघालेल्या वावरात दुर्बीण तासभर आधी ठेवा. मग स्वाती किंवा चित्रा जरा फोकसबाहेर करून त्या चकतीकडे पाहा. लाटा भराभर एकाच दिशेनं धावल्या तर ती वरची हवा, त्यावर इलाज नाही. नळीच्या एका कडेनं संथ धूर चढल्यासारखं दिसलं तर नळीच अजून गरम आहे, अर्धा तास थांबा. व्हिडिओ काढलात तर मूळ फाइल इथं टाका, कोणत्या चौकटी ठेवायच्या ते मी सांगतो.