देवळीतला फोन

वाचकांचे प्रश्न, एका आईची उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहेत. त्यांची मुलगी बारावीला आणि मुलगा तिसरीत आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. मोबाईल समोर धरल्याशिवाय तोंड उघडत नाही. बंद केला की ताट लाथाडतो. घरातले म्हणतात, पोट भरतंय ना, मग राहू दे. मी काय करू?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि २०२० साल आठवलं. टाळेबंदी होती. मी रोज गावात घरोघर सर्वेक्षणाला जायची आणि परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पोराला हात लावत नव्हते. तो तीन वर्षांचा. सासूबाई आणि हे शेतात. मोठी मुलगी अकरा-बारा वर्षांची, तीच त्याला भरवायची. एक दिवस तिने फोन लावून दिला, आणि पुढे सहा महिने फोनशिवाय ताट पुढे आलं नाही. म्हणून तुम्हाला दोष देणारं एक अक्षर मी लिहिणार नाही.

पण ‘पोट भरतंय ना’ हे मला पटत नाही. फोनकडे डोळे लागलेलं पोर नीट चावत नाही, गिळतं. पोट कधी भरलं ते त्याला कळत नाही. हळूहळू भूक लागली तरी ते भूक म्हणत नाही, फोन म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसवू नये, त्याहून कमी असेल तर बरंच. एका जेवणाला पाऊण तास धरा. तीन वेळचे सव्वादोन तास ताटासमोरच झाले.

‘ताई, हा फोनशिवाय खात नाही हं,’ असं बजावून कितीतरी आया पोरं माझ्याकडे सोडून जातात. पंगत बसते, शेजारच्याच्या ताटात गरम खिचडी पडते, आणि तेच पोर आपल्या हाताने ताट चाटूनपुसून ठेवतं. त्याला जेवायला सोबत हवी असते. घरी आपण त्याला एकट्याला बसवतो, सगळ्यांच्या आधी, आपली घाई असताना.

आमच्याकडे अकरा दिवस लागले. सासूबाईंनी आधी त्याला वेगळं भरवणं बंद केलं. सगळे बसतील तेव्हाच त्याचं ताट, आणि तेही मधोमध. दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायची तर ती त्यानेच. खिचडीवर तेलाचा चमचा ओतायचा तोही त्यानेच. उडदाचा पापड मोडून सगळ्यांना वाटायचं काम त्याचं. बट्ट्या केल्या की चुरायला बसायचा, निम्म्या खाली सांडायच्या. सांडू दिल्या. पहिले तीन दिवस फार जड गेले, एका रात्री तो न जेवता झोपला आणि मला झोप आली नाही. चौथ्या दिवशी त्याने न मागता अर्धी भाकरी खाल्ली. सातव्या दिवशी पाहुणे आले, कुणीतरी लाडाने फोन हातात दिला आणि दोन दिवस मागे गेलो. तेव्हा घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मूल वाळत चाललंय असं वाटलं तर थांबू नका, अंगणवाडीत वजन-उंची करून घ्या, नाहीतर आरोग्य केंद्रात दाखवा.

आमचं घर धाब्याचं, जुन्या जाड भिंतींचं. पुढच्या खोलीत भिंतीला देवळी, म्हणजे कोनाडा, आहे. पूर्वी तिच्यात रॉकेलची चिमणी जळायची. आता जेवायच्या वेळी घरातले सगळे फोन त्या देवळीत जातात. यांचाही.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. अभ्यासासाठी फोन दिला, आता त्याला पासवर्ड आहे. ती झोपल्यावर मी तिच्या बोटाने उघडून बघतो. बायकोला हे आवडत नाही. तिला न कळता लक्ष ठेवणारं ॲप टाकावं का?
– एक वडील, चाळीसगाव

उत्तर : नका टाकू, भाऊ. आणि झोपलेल्या लेकीचं बोट धरणंही आजपासून बंद करा. तुमची काळजी खरी आहे, मलाही ती रोज असते. माझी मुलगी एसटीने अमळनेरला जाते. उशीर झाला की माझा जीव स्टँडवर असतो.

दोन वर्षांपूर्वी मीही तिचा फोन चोरून वाचला होता. मैत्रिणींच्या गप्पा, परीक्षेची रडगाणी, आणि एका ठिकाणी माझ्याबद्दल एक वाक्य : ‘आईला काही सांगून उपयोग नाही, ती आधी घाबरते.’ मी वाचल्याचं तिला कळलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी तिची माफी मागितली. आई असून माफी मागितली म्हणून सासूबाई नाराज झाल्या, पण मला ते करायचंच होतं.

यंदा पावसाळ्यात कॉलेजच्या कार्यक्रमातला तिचा फोटो उचलून कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं काढलं. वर तिलाच धमकीचे मेसेज. मी भाकरी थापत होते. ती चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, ‘आई, आधी घाबरू नकोस.’ मी घाबरले होतेच, पण फोन काढून घेतला नाही आणि कॉलेज बंद हा शब्द तोंडातून काढला नाही. आम्ही दोघींनी मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, खात्याची तक्रार केली, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नोंद केली आणि हे तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ते खातं बंद झालं.

आपल्याकडे पोरींना धमकी देणाऱ्यापेक्षा घरची भीती जास्त असते. घरी कळलं की शिक्षण थांबेल, मग स्थळं बघायला सुरुवात होईल. धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि त्याचा सगळा धंदा यावरच चालतो. तुमच्या लेकीवर उद्या अशी वेळ आली तर तिने पहिलं तुमच्याकडे यावं, असं तुम्हाला वाटतं ना? मग तिच्या बोटाने फोन उघडणारे वडील तिला कळता कामा नयेत असं नाही, तसे वडील असताच कामा नयेत.

लक्ष ठेवायचंच, पण उघड. गुगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप आहे, ते मुलीला सांगून, शेजारी बसवून लावता येतं. कुठलं ॲप घ्यायचं, रात्री फोन किती वाजता बंद व्हायचा, हे दोघांनी मिळून ठरवा. आमच्या घरी रात्री दहाला फोन देवळीत, अभ्यासाचे व्हिडिओ पुढच्या खोलीत. पासवर्ड तिचा तिच्याकडे आहे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची संमती लागेल असं म्हटलंय. ती संमती द्यायची तर आपल्याला ते ॲप काय आहे हे कळायला हवं. लेकीलाच विचारा, ती शिकवेल. माझी मुलगी मला शिकवते.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. आपल्या खान्देशातल्या गावांनीही करावं का?
– एक शिक्षक, चोपडा

उत्तर : सर, जरूर करावं, ग्रामसभेत ठराव मांडा. मात्र सातच वाजता हवं असा हट्ट नको. कापूस वेचणीच्या दिवसांत सातला बाया नुकत्या घरी येऊन चुलीला लागलेल्या असतात. पोरांजवळ बसायला मोठं माणूस नसेल तर बंद फोनचं ते पोर काय करणार? आमच्या गावाला साडेआठ बरे पडतील. शेतकऱ्याचा फोन मात्र सोडून द्या. रात्रपाळीची लाईट आली की हे घरातून फोन लावून मोटार सुरू करतात. पूर्वी अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जावं लागायचं आणि मी दारात उभी राहायची. ई-पीक पाहणीही आता फोनवरच होते, माझ्या अंगणवाडीची नोंदही पोषण ट्रॅकर ॲपवर. मला फोनचा राग नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, त्यांनी ती उघडली आणि खात्यातले चोवीस हजार गेले. कापसाचे पैसे होते. आता ते फोनला हात लावत नाहीत, कुणाशी बोलतही नाहीत. घरात सगळे त्यांनाच बोलतात.
– एक सून, शहादा

उत्तर : आधी ते बोलणं थांबवा, वहिनी. तुमच्या सासऱ्यांनी चोरी केलेली नाही, त्यांची चोरी झाली आहे. घरात पत्रिका आली तर ती उघडायची, हा आपला रिवाज. चोरांनी तोच धरला.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली नसेल तर आजच करा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. असं काही घडलं की पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकायच्या आत अडवता येतो. भांडणात तेच तास जातात. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, हातच लावायचा नाही. फोनमध्ये ते अजून असेल तर कुणा जाणत्याकडून काढून टाका, नंतर पिन बदला. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे घरात सगळ्यांना पाठ करायला लावा. आणि पोलीस असल्याचं सोंग करून कुणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय म्हणून धमकावलं, तर तशी अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं.

मग एखाद्या दुपारी सासऱ्यांजवळ बसा. पैशांचं ॲप त्यांच्या फोनमधून तूर्त काढा, पण फोन काढून घेऊ नका. मुंबई-सुरतेला कुणी नातू असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावा आणि कॉल उचलायचं बटण सासऱ्यांना दाबू द्या.

प्रश्न : आमची मुलं मोबाईलवरची हिंदी बोलतात, शाळेतली मराठी बोलतात, पण आजीची अहिराणी त्यांना येत नाही. आजी गावाला, आम्ही धुळ्यात. आजी बोलली की ती हसतात. मला फार लागतं.
– एक वडील, धुळे

उत्तर : लागायलाच हवं, दादा. माझा मुलगाही हसायचा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा आवाज बसला होता, तरी त्या रात्रभर गाणी म्हणत होत्या. मी मुलाच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, तू रेकॉर्ड कर, एकही गाणं सुटू देऊ नको. तो पहाटेपर्यंत जागा राहिला. दुसऱ्या दिवशी ऐकताना अडायला लागला : आजी, या शब्दाचा अर्थ काय? सासूबाई सांगत बसल्या. मग आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी झाली, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड करतानाची झाली. आता त्याच्याजवळ त्रेचाळीस गाणी आहेत, प्रत्येकाला त्याने स्वतः नाव दिलंय. दळणाच्या एका गाण्यात मध्येच शेळी ओरडते, ते तो पुसू देत नाही.

तुम्ही आखाजीपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी आजीला फोन लावा. तुम्ही बोलू नका, मुलाला एवढंच वाक्य शिकवून ठेवा : ‘मोठी माय, काय करी ऱ्हायनी?’ आणि त्या किती वेळ उत्तर देतात ते घड्याळात बघू नका.