थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये लोकल फोल्डर्समध्ये (आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांत) हलवलेले मेल इनबॉक्समध्ये परत का येतात?

खातं पॉपवर (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) असेल, तर ते मेल सर्व्हरवरून गेलेलेच नसतात, म्हणून पुन्हा उतरतात. 'मेसेजेस सर्व्हरवर ठेवा' ही खूण असली की कोणते मेल आधीच उतरवलेत याची नोंद थंडरबर्ड प्रोफाइलमधल्या (त्याचे मेल आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरमधल्या) पॉपस्टेट डॉट डॅट (popstate.dat) फाइलीत ठेवतो. ती फाइल बिघडली की त्याला सगळेच नवे वाटतात. नागपुरात धरमपेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी हेच निस्तरलं. आधी प्रोफाइलची कॉपी घ्या, हे अजिबात टाळू नका. मग थंडरबर्ड बंद करून त्या फाइलीचं नाव बदला. सगळे मेल एकदाच पुन्हा येतील, ते इनबॉक्समधून काढा. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) असेल तर मात्र हा उपाय लागू नाही. तिथे खातं जीमेलचं असेल तर त्याच्या 'ऑल मेल' फोल्डरमध्ये प्रत उरली आहे का ते बघा.