खांदा दुखतो म्हणून धनुष्य विकावे का?

आदरणीय पालक भगिनी,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून आलेले आपले सविस्तर पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी सोळा वर्षांची असून अकरावी विज्ञान शाखेत शिकते, चार वर्षांपासून रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या, बिनचाकांच्या) धनुष्याने तिरंदाजी करते आणि तिचा उजवा खांदा तीन महिन्यांपासून दुखतो आहे. पहिले दोन महिने तिने हे दुखणे घरी सांगितलेच नाही. आता अस्थिरोगतज्ज्ञांनी अतिवापरामुळे कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, इजा झाल्याचे निदान करून सहा आठवडे बाण सोडण्यास मनाई केली आहे. प्रशिक्षकांना मात्र पुढच्या महिन्यातील निवड चाचणी चुकू नये असे वाटते, तिच्या वडिलांना धनुष्य विकून नीटच्या क्लासची फी भरावी असे वाटते, आणि मुलगी म्हणते की अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, माझ्याकडे आता वेळच उरलेला नाही. या चौघांपैकी कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे.

या महिन्यापुरते डॉक्टरांचे ऐकावे, आणि तिरंदाजी सोडायची की नाही हा निर्णय खांदा दुखत असताना कोणीच घेऊ नये. दुखऱ्या खांद्याने घेतलेला निर्णय एक तर भीतीपोटी होतो किंवा हट्टापोटी.

आपल्या पत्रातील एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली, जरी ती आपण जाता जाता लिहिली आहे. चाचणीच्या तयारीसाठी एप्रिलमध्ये तिच्या धनुष्याचा ताण २८ पाउंडांवरून ३४ पाउंडांवर नेला आणि त्याच सुमारास रोजचे बाण १२० वरून २२० झाले. याचा हिशेब करून पाहावा. २८ पाउंडांचे १२० बाण म्हणजे दिवसभरात ३,३६० पाउंड, अर्थात सुमारे दीड टन ओढणे. ३४ पाउंडांचे २२० बाण म्हणजे ७,४८० पाउंड, अर्थात जवळजवळ तीन टन चारशे किलो. (लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो आणि तिची ओढ त्याहून कमी असेल, तर प्रत्यक्ष भारही थोडा कमी भरेल, पण दोन्ही आकड्यांमधील प्रमाण बदलत नाही.) म्हणजे तिच्या एकाच खांद्यावरचा रोजचा भार काही आठवड्यांत सव्वादोन पटींच्या घरात गेला. स्नायू अशा वाढीशी बऱ्यापैकी लवकर जुळवून घेतात, परंतु कंडरांना त्यासाठी कितीतरी अधिक काळ लागतो, आणि खांद्याच्या सांध्याभोवतीच्या रोटेटर कफच्या कंडरा तर हात उंचावून मागे ओढताना अरुंद जागेत घासल्या जातात. थकवा आला की पाठीचे स्नायू ओढणे सोडून देतात, खांदा कानाकडे चढतो आणि सगळा भार नेमका तिथेच येतो. शेवटच्या साठ-सत्तर बाणांना तिचा खांदा कसा दिसत होता, हे प्रशिक्षकांना अवश्य विचारावे. मुलीचे शरीर कमकुवत आहे किंवा हा खेळ तिच्यासाठी नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मात्रा चुकली, एवढाच निघतो.

चाचणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या वेळी तिला पाठवू नये. ७० मीटरवरच्या पात्रता फेरीतच ७२ बाण सोडावे लागतात, आणि सरावाचे बाण वेगळेच. ‘एक इंजेक्शन घेऊन चाचणी देऊन टाक’ असा सल्ला तिला मैदानावर मिळाल्याचे आपण लिहिले आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने वेदना झाकली जाते आणि त्या झाकलेल्या वेदनेखाली कंडरेवर पूर्ण ताण पडतो, हा एक धोका. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून उत्तेजकविरोधी नियमांनुसार अशा स्टिरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. तेव्हा कोणतेही औषध देताना ती स्पर्धक खेळाडू आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

आता मुलीच्या घाईविषयी. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, हे खरे आहे. परंतु ती कंपाऊंड धनुष्य वापरते. त्या धनुष्यात पूर्ण ओढ झाल्यावर चाकांमुळे हातावरचा बराचसा भार उतरतो, तर रिकर्व्हमध्ये क्लिकर (ओढ पूर्ण झाल्याची खूण म्हणून ‘टक्’ वाजणारी छोटी पट्टी) वाजेपर्यंत सगळा भार धरून ठेवावा लागतो. (म्हणून कंपाऊंडकडे वळावे असे मात्र मी सुचवत नाही, ओढतानाचा सर्वाधिक भार तिथेही खांद्यालाच सोसावा लागतो.) तिला उदाहरण हवेच असेल तर तिच्याच प्रकारातले घ्यावे. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव रिकर्व्ह तिरंदाज आहेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि २०२४ मध्ये पॅरिसलाही खेळले. आपल्या मुलीसमोर शालेय १९ वर्षांखालील गट आहे आणि त्यापुढे २१ वर्षांखालील गटही आहे. एक हंगाम गेल्याने तिचे दार बंद होत नाही.

सहा आठवडे ती मैदानावर जाऊच नये असे नाही. फिजिओथेरपिस्टने दिलेले खांद्याचे व पाठीचे व्यायाम, वेदना होत नसेल तर हलक्या रबराने आरशासमोर ओढीचा सराव, इतरांचे गुण लिहिणे, बाणांची पिसे चिकटवणे, ही कामे तिने करावीत. मैदानापासून तुटलेली मुलगी सहा आठवड्यांनी अधीर होऊन परतते आणि पहिल्याच दिवशी शंभर बाण सोडते. परतताना डॉक्टरांच्या परवानगीने हलके धनुष्य, पाच मीटरवर, एक दिवसाआड तीसेक बाण अशी सुरुवात असावी. पुढे ताण आणि बाणांची संख्या यांपैकी एका वेळी एकच वाढवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कालच्यापेक्षा जास्त दुखला तर एक पायरी मागे यावे. बाणांची रोजची संख्या तिने स्वतः वहीत लिहावी. रात्री झोपमोड करणारी वेदना, बोटांना मुंग्या किंवा हातातील शक्ती कमी होणे यांपैकी काही जाणवले, तर वाट न पाहता पुन्हा डॉक्टरांकडे जावे. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकतो.

तिने दुखणे लपवले, याचा आपल्याला राग आला आहे. तो तिच्यावर काढू नये. खांदा दुखतो म्हटले की घरात क्लासचा विषय निघतो आणि मैदानावर संघातील जागा जाते, हे तिला ठाऊक होते. या परिस्थितीत सोळा वर्षांचे कोणतेही मूल गप्पच बसले असते.

वडिलांची काळजीही मला चुकीची वाटत नाही. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण पदकाशिवाय उपयोगाचे नाही आणि पदकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, म्हणून विज्ञान शाखा तिने गांभीर्यानेच शिकावी. परंतु नीटमधून केवळ वैद्यकीयचाच मार्ग निघतो असे नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेशही याच परीक्षेच्या गुणांवर होतो. स्वतःचा खांदा बरा करून घेताना तिला या विषयात रस वाटला, तर क्लास आणि मैदान यांच्यात आज दिसणारा झगडा बराच निवळेल. आतापर्यंतची सर्व क्रीडा प्रमाणपत्रे मात्र जपून ठेवावीत, पुढे त्यांची पडताळणी करून घ्यावी लागते.

राहिला धनुष्याच्या विक्रीचा प्रश्न. तो दिवाळीपर्यंत बाजूला ठेवावा, कारण तोपर्यंत विश्रांती आणि परतीचा पहिला टप्पा दोन्ही पार पडलेले असतील. आपल्या वर्णनावरून तिचे धनुष्य सुट्या भागांचे दिसते, म्हणजे मधली मूठ तीच ठेवून दोन्ही लिंब बदलता येतात. ३४ पाउंडांची जोडी तूर्त कपाटात ठेवावी आणि प्रशिक्षकांना भेटून, मैदानावरच्या एखाद्या मोठ्या मुलीची जुनी २० किंवा २२ पाउंडांची जोडी त्याच मुठीवर बसते का, एवढे विचारून घ्यावे.