ऊर्जा संपल्यावर स्नायू सैल पडण्याऐवजी ताठ का होतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : अस्थिस्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीच्या आत नेमके काय घडते, आणि त्यासाठी ऊर्जा लागत असेल तर मृत्यूनंतर, म्हणजे ऊर्जेचा पुरवठा थांबल्यावर, शरीर सैल राहण्याऐवजी ताठ का होते. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो एका सर्वसाधारण समजुतीला धक्का देतो. आकुंचन म्हणजे श्रम आणि शिथिलता म्हणजे विश्रांती असे आपण गृहीत धरतो. पेशीच्या पातळीवर मात्र धरलेली पकड सोडण्यासाठीही एटीपी हा ऊर्जावाहक रेणू लागतो, आणि तो मिळाला नाही तर पकड तशीच राहते.

आधी रचना पाहू. स्नायूतंतू ही एकच लांबलचक पेशी असते. तिच्यात अनेक केंद्रके असतात आणि तिचा बहुतेक भाग सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या, जाडीच्या तंतुकांनी व्यापलेला असतो. प्रत्येक तंतुकात सार्कोमिअर नावाचे खंड एकापुढे एक जोडलेले असतात आणि विश्रांतीच्या स्थितीत अशा एका खंडाची लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर असते. खंडाच्या दोन्ही टोकांना झेड-चकत्या असतात, त्यांच्यापासून आतल्या दिशेने ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतू निघतात आणि मधोमध मायोसिनचे जाड तंतू असतात. आकुंचनाच्या वेळी हे तंतू स्वतः आखडतात असा समज पूर्वी होता. मे १९५४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ आलेल्या दोन शोधनिबंधांनी तो मोडला : एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचे आपसांत नाते नव्हते, आडनावामुळे पाठ्यपुस्तकांतून होणारा गोंधळ मात्र अजून चालूच आहे.) स्नायू आखूड झाला तरी मायोसिनचा गडद पट्टा तेवढाच लांब राहतो आणि त्याच्या शेजारचा फिकट पट्टा अरुंद होतो, असे दोन्ही गटांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. याचा अर्थ तंतूंची लांबी बदलत नाही, ते एकमेकांवरून सरकतात.

सरकवण्याचे काम मायोसिनची डोकी करतात. एका जाड तंतूत मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात, प्रत्येकाला दोन डोकी असतात आणि ती भोवतालच्या ॲक्टिन तंतूंच्या दिशेने बाहेर आलेली असतात. ॲक्टिनला घट्ट चिकटलेल्या एका डोक्यापासून सुरुवात करू. एटीपीचा रेणू येऊन त्या डोक्यात बसला की डोक्याचा आकार किंचित बदलतो आणि ॲक्टिनवरची पकड सुटते. त्यानंतर एटीपीचे विघटन होऊन एडीपी आणि फॉस्फेट तयार होतात, पण ते लगेच बाहेर पडत नाहीत. या टप्प्यात डोके ताणलेल्या स्थितीत मागे वळते आणि विघटनातून मिळालेली ऊर्जा त्या ताणात साठून राहते. मग डोके ॲक्टिनवर थोड्या पुढच्या जागी हलकेच चिकटते, फॉस्फेट निसटते, पकड घट्ट होते आणि डोके पूर्वस्थितीकडे झुकताना ॲक्टिनचा तंतू आपल्याबरोबर ५ ते १० नॅनोमीटर ओढून नेते. शेवटी एडीपीही बाहेर पडते. आता डोके पुन्हा ॲक्टिनला घट्ट चिकटलेले आणि रिकामे आहे. पुढचा एटीपी येईपर्यंत ते तसेच राहणार. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच टप्प्यात दडलेले असल्याने तो विशेष लक्षात ठेवावा.

ही डोकी एकाच वेळी ओढत नाहीत, आणि ते आवश्यकही आहे. रस्सीखेचीत संघातील सर्वांनी एकदम हात सुटे करून पुढची पकड घेतली तर दोर समोरच्यांकडे निघून जाईल. तसेच इथेही काही डोकी ओढत असताना काही सुटत असतात आणि काही नवी जागा धरत असतात, म्हणून तंतू मागे घसरत नाही. इतक्या सूक्ष्म हालचालींतून हात कसा उचलला जातो, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. १० सेंटिमीटर लांबीच्या स्नायूतंतूत २.५ मायक्रोमीटरचे ४०,००० सार्कोमिअर एका रांगेत बसतात. प्रत्येक सार्कोमिअर फक्त पाव मायक्रोमीटरने आखडला, तरी स्नायूतंतू एका सेंटिमीटरने आखूड होतो. आणि तेवढ्यासाठी सार्कोमिअरच्या प्रत्येक अर्ध्या भागात ॲक्टिन १२५ नॅनोमीटर, म्हणजे साधारण बारा ते पंचवीस ओढींइतके, सरकावे लागते.

हे चक्र सुरू केव्हा होते आणि थांबते कसे, हे कॅल्शियम ठरवते. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवते, त्यामुळे स्नायूपेशीच्या पटलावर विद्युत संदेश उमटतो आणि आडव्या नलिकांतून तो पेशीच्या खोल भागापर्यंत पोहोचतो. तिथे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या साठवणीच्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडते आणि पेशीद्रवातील त्याचे प्रमाण जवळपास शंभरपट वाढते. विश्रांतीच्या वेळी डोकी चिकटण्याच्या ॲक्टिनवरच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम त्याच्या सोबतच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडले गेले की ट्रोपोमायोसिन बाजूला सरकते आणि जागा मोकळ्या होतात. कॅल्शियमची ही भूमिका आणि ट्रोपोनिनचे कार्य १९६० च्या दशकात मुख्यतः जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांच्या संशोधनातून उलगडले. संदेश थांबल्यावर कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत भरावे लागते आणि ते भरणारा पंपही एटीपीवरच चालतो : दर दोन कॅल्शियम आयनांमागे एक रेणू. म्हणजे स्नायू शिथिल होण्यासाठी एटीपी दोन ठिकाणी लागतो, डोक्यांची पकड सोडवायला आणि कॅल्शियम परत आवरून घ्यायला.

आता मृत्यूनंतर काय होते ते पाहा. रक्ताभिसरण थांबते, पण स्नायूपेशीत उरलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साठवलेल्या शर्करेतून, प्राणवायूविना काही काळ एटीपी तयार होत राहतो. म्हणूनच शरीर सुरुवातीला सैल असते. तो साठा संपला की कॅल्शियमचा पंप थांबतो, पिशव्यांतून कॅल्शियम झिरपते, ॲक्टिनवरच्या जागा उघडतात, डोकी चिकटतात आणि त्यांना सोडवणारा एटीपी उरलेला नसतो. ही मरणोत्तर ताठरता म्हणजे जोरदार आकुंचन नव्हे. अवयव ज्या स्थितीत होता, साधारण त्याच स्थितीत तो अडकून पडतो. मृत्यूपूर्वी तीव्र शारीरिक श्रम झाले असतील तर ग्लायकोजेन आधीच खर्ची पडलेले असल्याने ताठरता लवकर येते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यासारख्या उष्ण हवेत ती लवकर येते व लवकर जाते.

हे केवळ अनुमान नाही. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सशाचे स्नायू ग्लिसरॉलमध्ये भिजवून ठेवले. त्यामुळे पेशीपटल निकामी झाले आणि आतला एटीपी निघून गेला, पण प्रथिनांचे तंतू शाबूत राहिले. असा स्नायू ताठ असतो आणि त्यावर एटीपी घातल्यास तो आकुंचन पावतो. पुढे असे दिसून आले की एटीपी दिला पण कॅल्शियम काढून घेतले, तर हाच ताठ स्नायू मऊ पडतो. ऊर्जावाहक रेणू दिल्यावर स्नायू सैल पडतो, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

यावरून पायात येणारा गोळाही एटीपी संपल्यामुळे येतो असा निष्कर्ष मात्र काढू नये. गोळा येतो तेव्हा चेतातंतू स्नायूला सतत संदेश पाठवत असतात, आणि जिवंत स्नायूतील एटीपी थकव्याच्या वेळीही सहसा संपत नाही. क्रिएटिन फॉस्फेट हे पेशीतले राखीव रसायन तो तातडीने भरून काढते आणि एटीपी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याआधीच स्नायूचा जोर कमी होतो.

मृत शरीराची ताठरता दीड-दोन दिवसांत ओसरते, पण तेव्हाही एटीपी परत आलेला नसतो आणि डोक्यांची पकड सुटलेली नसते. पेशीतीलच प्रथिनभंजक विकरे झेड-चकत्यांच्या आसपासची बांधणी तोडतात, त्यामुळे तंतू एकमेकांना धरून असले तरी ते ज्याला बांधलेले होते तो आधारच सुटतो.